दुसरा हौशीराम

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुंजाळ वस्तीवरची विजेची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, खांबावरून काळं तेल ओघळलं आणि वस्तीवरच्या सगळ्या मोटारी एकदम मुक्या झाल्या. विहिरी चांगल्या भरलेल्या होत्या. पाच-सहा हात दोर सोडला की पाणी लागत होतं. पण ते वर रानात चढवायचं कशानं?

हौशीराम गुंजाळनं कांद्याचं रोप टाकलेलं होतं. त्याची बायको शीला रोज सकाळी दोरानं पाणी शेंदायची आणि कळशीनं रोपाला घालायची. तिच्या तळहातांवर दोराचे वळ उठले होते. भाकरी थापतानाही हात चुरचुरायचे, मग ती परातीतलं पीठ बाजूला सारून थोडा वेळ नुसती बसून राहायची. एवढ्या कष्टानं रोप तगलं होतं. लागण करायची, म्हणजे रोप उपटून रानात लावायचं, तर मात्र पाट वाहायला पाहिजे, ते कळशीचं काम नव्हतं.

"लाइनच्या हापिसात काय म्हणले?" तिनं विचारलं.

"नंबर लावलाय म्हणले. इलेक्शन झाल्यावर या."

"रोप थांबतंय व्हय इलेक्शनसाठी? आबांकडं जावा की. इतकी वर्षं त्यांच्या मागं फिरलाय."

आबा म्हणजे बोरीतले मोठे बागायतदार. आमदारकीला उभे होते. त्यांचंही नाव हौशीराम गुंजाळच. शाळेत दोघं एका वर्गात होते तेव्हा गुरुजी हजेरीला मोठा हौशीराम, धाकटा हौशीराम असं म्हणायचे. वयानं दोघं सारखेच. मोठेपणा जमिनीचा होता.

आबांची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी सपाटून पडले. दुसऱ्या वेळी इतक्या थोडक्यात गेले, की मोजणी संपल्यावर फाटकाबाहेर जमिनीवरच बसले. त्या दोन्ही वेळी धाकटा हौशीराम त्यांच्यासाठी पायाला भिंगरी लावून हिंडला होता. पार आदिवासी पट्ट्यातल्या वाड्यांपर्यंत चालत गेला होता. "आमचं नाव एकच हाय, मत बी एकच जाऊ द्या," असं म्हणून लोकांना हसवायचा. या वेळी आबा येणार, असं सगळा तालुका म्हणत होता. निशाणी ट्रॅक्टर मागितली होती. विद्यमान आमदाराची माणसं हबकलेली होती.

आबांच्या अंगणात मांडव पडला होता. हौशीराम गेला तेव्हा तिथं खुर्च्यांना जागा नव्हती. तो खांबाला टेकून उभा राहिला. सकाळची दुपार झाली. आबा आत जायचे, बाहेर यायचे, फोनवर बोलायचे. शेवटी त्यांचं लक्ष गेलं.

"हौशा, तू कवा आलास रं?"

तो तोंड उघडणार तोच कुणीतरी मेजावरचा झेंडूचा हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. दुसऱ्यानं त्याला आबांच्या खुर्चीत बसवलं. मोबाइल वर झाले. "बोला दुसरे हौशीराम, काय करणार निवडून आल्यावर?"

आबाही हसले. म्हणाले, "हौशा, तेवढं नाव बदलून घे बाबा. माझी मतं खाशील."

सगळा मांडव हसला. हौशीरामही हसला, कारण अशा वेळी हसायची त्याला सवय होती. मग त्यानं डीपीचं सांगितलं. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "इलेक्शन झालं की पयली तुझी डीपी. आता कुणाला फोन करायला गेलो तर आचारसंहिता म्हणतील." आणि ते दुसऱ्याशी बोलायला वळले.

घरी येईपर्यंत त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला झेंडूचा पिवळा डाग पडला होता. शीलानं तो पाहिला आणि सदरा भिजत टाकला.

मांडवातली ती गंमत तालुकाभर व्हायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी आळेफाट्याला चहाच्या दुकानात गेणभाऊ त्याच्या शेजारी येऊन बसला. गेणभाऊ रस्त्यांची कामं घ्यायचा आणि आमदाराचं सगळं खालचं राजकारण बघायचा. आवाज गोड, बोलणं सावकाश.

"पावणं, तुमचं नाव लई मोलाचं हाय राव. तुमालाच ठावं न्हाई."

"माजी चेष्टा नका करू, भाऊ."

"चेष्टा त्यांनी केली. मी कामाचं बोलतोय. एक अर्ज भरायचा. सूचक आमचे, गाडी आमची. परचार करायचा न्हाई, भाषण करायचं न्हाई. तुमी आपली लागण करा." त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला. "माघारीची मुदत संपायच्या आत नवी डीपी वस्तीवर."

हौशीराम त्या रात्री जेवला नाही. शीला ताट घेऊन बसून राहिली. त्याची म्हातारी आई अंबाबाई वाकळेवर पडून ऐकत होती. मुलगी तेजस्विनी अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात होती, दिवाळीच्या सुट्टीला नुकतीच घरी आली होती. तिला बापाचं बोलणं लगेच कळलं.

"पप्पा, हे मतं फोडायसाठी करतात. तुम्हाला कोणी मत देणार नाही, आबांचं समजून चुकून देतील."

"मला कळत न्हाई व्हय?"

"मग?"

शीलानं ताट झाकलं. म्हणाली, "मला राजकारणातलं कळत न्हाई. रोप गुडघ्याला लागाया आलं, येवढं कळतंय." ती हो म्हणाली की नाही, हे हौशीरामला उमगलं नाही. पुढं कितीतरी वेळा त्यानं ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं.

अर्ज भरायला तो जुन्नरला इस्त्रीचा सदरा घालून गेला. तहसील कचेरीत साहेबांनी त्याला उभं राहून शपथ वाचायला लावली. "मी, हौशीराम बबन गुंजाळ..." स्वतःचं नाव एवढ्या मोठ्यानं त्यानं कधी घेतलं नव्हतं. छातीत काहीतरी वर आलं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना एक पोलिस त्याला "या साहेब, इकडून" म्हणाला. हौशीरामनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

बातमी फुटली आणि दिवाळी नासली. फराळाचं ताट घेऊन शेजारी कुणी आलं नाही. शीलानं दिलेली ताटं झाकलेली होती तशीच परत आली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आबा स्वतः आले. कार्यकर्त्यांचा ताफा न घेता, मोटारसायकलवर मागं बसून. गाडी रामदास चालवत होता. रामदास हौशीरामचा चुलतभाऊ, वस्तीवर वरच्या अंगाला राहायचा. आबांचं बूथ तोच सांभाळायचा. आबा ओट्यावर टेकले. थकलेले दिसत होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. शीलानं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं.

"हौशा, मी त्या दिवशी हसलो त्याचा राग धरलास?"

"राग न्हाई, आबा. डीपी..."

"अरे, डीपीचं काय घेऊन बसलास? आयुष्य घातलंय मी यात. ही खेप गेली तर मी संपलो." त्यांनी त्याचा हात धरला. आबांचा तळवा मऊ, घामेजलेला होता. "उद्या दुपारपतोर मुदत हाय. सकाळी रामदाससंगं ये. माघारीवर सही कर. मग बघ, तुला कुठं ठेवतो."

हौशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी आबांनी त्याला पाटी दिली होती, हे त्याला उगीचच आठवलं. "येतो," तो म्हणाला.

सकाळी तो आंघोळ करून तयार झाला. रामदासनं गाडी दारात आणली. हौशीराम मागं बसला. दोघं वस्तीच्या वळणावर आले आणि रामदासनं गाडी थांबवली. समोरून क्रेन लावलेला टेम्पो येत होता. टेम्पोत नवी कोरी डीपी, हिरव्या रंगाची, दोरखंडानं आवळलेली. पुढं गेणभाऊ बसला होता. तो खाली उतरला, हात जोडले.

"काय पावणं, निघाला कुठं? बसवायची का परत न्यायची, येवढं सांगा. मानसं ताटकळलीत."

टेम्पोचा आवाज ऐकून वस्ती गोळा झाली. बायका हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांचं रोप तयार होतं, सगळ्यांच्या विहिरी भरलेल्या होत्या. हौशीराम एकेकाच्या तोंडाकडं बघत होता आणि जो तो डीपीकडं बघत होता.

"रामदासभाऊ," तो हळू म्हणाला, "काय करायचं?"

रामदासची मोटारही त्याच डीपीवर होती. विहिरीवर दोन वाटेकरी आणि खाली कर्ज काढून मल्चिंगचा कागद अंथरलेलं रान. त्यानं गाडी बंद केली. उतरला. खाली वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"हवा कमी लागतीय," तो म्हणाला. "पंक्चर हाय वाटतं. बघतो."

चाकात हवा होती. हौशीराम त्याच चाकावर बसून आला होता, त्याला माहीत होतं. रामदास गाडी ढकलत आपल्या घराकडं घेऊन गेला. त्यानं मागं पाहिलं नाही. बांधावरच्या बायका एकेक करून कामाला लागल्या. गेणभाऊनं क्रेनवाल्याला हात केला.

हौशीराम वळणावरच्या दगडावर बसून राहिला. मोबाइल खिशात वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. कधीतरी खांबावरून "सोड लाइन" अशी आरोळी आली आणि वस्तीवरच्या मोटारी एकापाठोपाठ एक सुरू झाल्या. रामदासची मोटार सगळ्यांत आधी.

वस्तीवर लागण सावडीनं व्हायची. आज याच्या रानात सगळे, उद्या त्याच्या. या वर्षी सगळ्यांची सावड ठरली आणि हौशीरामचं नाव त्यात आलं नाही. ठरवलं रामदासनं. "गद्दाराच्या रानात आमी पाय ठेवनार न्हाई," असं तो बूथच्या बैठकीत म्हणाला. ते मोबाइलवर फिरत तेजस्विनीपर्यंत आलं. तिनं ते आईला ऐकवलं नाही.

मग घरचीच चौघं रानात उतरली. हौशीराम दारं धरायचा, वाफे भिजवायचा. शीला आणि तेजस्विनी चिखलात वाकून रोप दाबायच्या. अंबाबाई बांधावर बसून रोपाच्या जुड्या सोडून द्यायची. चिखल गार, वरून ऊन. दुपारी कंबर सरळ व्हायची नाही. तेजस्विनीच्या बोटांची सालं निघाली. कॉलेज सुरू झालं होतं, पण ती जायचं नाव काढत नव्हती.

"जा की गं," शीला म्हणाली. "आभ्यास बुडंल."

"होस्टेलच्या ग्रुपवर सगळे 'फुगा' म्हणतात मला."

हौशीरामला फुगा निशाणी मिळाली होती. त्याच्या दारात पोरं फुगे फोडून पळून जायची. प्रत्येक आवाजाला अंबाबाई दचकायची.

एक दिवस ऐन दुपारी रस्त्यावर आबांची प्रचाराची गाडी आली. तिचा कर्णा रानाकडं वळलेला होता. "मतदार बंधूंनो, सावध राहा. खोट्या हौशीरामला बळी पडू नका. खोटा हौशीराम फुगावाला. खरा हौशीराम ट्रॅक्टरवाला. खोट्याला गाडा, खऱ्याला निवडा." गाडी रानाच्या कडेला मुद्दाम हळू झाली. तेच तेच परत लागलं.

शीला मान वर न करता रोप लावत राहिली. तिचा हात मात्र भराभर चालायला लागला. वाकडं, उथळ, कसंही दाबत सुटली. हौशीराम फावडं धरून पाण्यात उभा होता.

अंबाबाई बांधावरून उठली. काठी टेकत रस्त्यापर्यंत गेली. गाडीतला माणूस माइक धरून तिच्याकडं बघायला लागला.

"खोटा कसा रं?" ती म्हणाली. "मी ठिवलंय त्याचं नाव. ह्याच वस्तीवर, ह्याच घरात. तुमच्या आबाच्या आईनं माझ्यानंतर ठिवलं, माझं आवडलं म्हनून. जा, इचार जा तिला."

आबांची आई वारून बरीच वर्षं झाली होती. माइकवाल्यानं ड्रायव्हरला खूण केली, गाडी पुढं गेली. आवाज वळणाआड जाईपर्यंत म्हातारी रस्त्यात उभी राहिली. मग परत येऊन बसली. तिनं जुडी सोडायला घेतली, पण गाठ सुटेना.

त्या दिवसापासून हौशीरामची झोप उडाली. पहाटे उठायचा, बॅटरी घेऊन बिबट्याची भीती न धरता रानात चकरा मारायचा. भिजलेलाच वाफा परत भिजवायचा. कधी वाटायचं, चारचौघांत उभं राहून सांगावं, मला मत देऊ नका. गेणभाऊला फोन केला. तो म्हणाला, "बोलायचं न्हाई ठरलंय ना, राव? डीपी चढवता येते तशी उतरवता बी येते." कधी वाटायचं, खरंच मतं मागावीत, दारोदार जावं, बघावं कोण देतंय. एकदा तो सदरा घालून निघालाही. फाट्यापर्यंत गेला. तिथल्या बाकड्यावरची माणसं बोलायची थांबली. तो बिडी न घेताच परत फिरला.

मतदानाच्या दिवशी चौघं शाळेत गेली. झाडाखाली रामदास टेबल टाकून बसला होता. त्यानं शीलाला, तेजस्विनीला, म्हातारीला चिठ्ठ्या दिल्या. हौशीरामची चिठ्ठी त्यानं टेबलावर ठेवली आणि वरून बोटानं त्याच्याकडं सरकवली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीनवर दोन हौशीराम एकाखाली एक होते. आबांचा फोटो हसरा, केस वळवलेले. त्याचा स्वतःचा, अर्ज भरायच्या दिवशी घाईत काढलेला, डोळे विस्फारलेले. किती लोक चष्मा न लावता इथं उभे राहतील, हे त्याला त्या क्षणी दिसलं. त्याचा अंगठा दोन नावांच्या मध्ये अडला. मग त्यानं ट्रॅक्टर दाबला. लांब शिट्टी वाजली.

बाहेर अंबाबाई बोटावरची शाई फुंकत बसली होती. "मी माज्या हौशाला दिलं," ती म्हणाली. "बराबर फोटू बघून."

निकालाच्या दिवशी हौशीराम रानातच राहिला. तेजस्विनी बांधावर मोबाइल धरून बसली होती. सुरुवातीला ती फेऱ्या मोठ्यानं सांगत होती. आबा पुढं, आबा मागं, परत पुढं. दुपारनंतर ती सांगायची थांबली. शीलानं दोनदा विचारलं, तेव्हा ती उठून बापाजवळ आली आणि मोबाइलच त्याच्यापुढं धरला.

आबा हजारापेक्षाही कमी मतांनी पडले होते. खाली, पार खाली, फुग्यापुढं दोन हजारांवर आकडा होता.

वरच्या अंगाला रामदासच्या घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. कुणी मेल्यावर रडतात तसा. हौशीराम वाफ्याच्या वरंब्यावर बसला. पाणी त्याच्या पायांवरून वाहत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आबांच्या घरी निघाला. शीला म्हणाली, "मारतील."

"मारू देत."

कुणी मारलं नाही. मारायलाच कुणी नव्हतं. मांडववाले बांबू सोडत होते, खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. आबा ओट्याच्या कडेला बनियनवर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि खाली घातली. हौशीराम पायरीखाली उभा राहिला.

"झाली का लागण?" आबांनी विचारलं.

"झाली."

"रामदास म्हणला, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली म्हणून तू आला न्हाईस."

रामदासची मोटार, त्याच्या घरातलं कालचं रडणं, टेबलावरून सरकत आलेली चिठ्ठी, सगळं हौशीरामच्या डोळ्यांपुढून गेलं.

"झाली व्हती," तो म्हणाला. "पर मला चालत यायला पाय व्हते."

आबांनी दाढीवरून हात फिरवला.

"आबा, मी तुमालाच दिलं. माझं मत."

आबांनी आता त्याच्याकडं नीट पाहिलं. ओठ हलले. हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. "आन ती बाकीची? ती कुणाची रं?"

"ती बी तुमचीच व्हती."

आतून आबांच्या बायकोनं चहा आणला. एकच कप. हौशीरामला बघून ती थबकली, मग कप आबांच्या हातात देऊन आत गेली. आबांनी चहा प्यायला. घाई केली नाही. एकेक घोट घेत, समोर बांबू सोडणाऱ्यांकडं बघत, पूर्ण कप संपवला. हौशीराम तेवढा वेळ उभा राहिला. कप खाली ठेवून आबा म्हणाले, "जा आता. लाइट येईल. दारं धरायची असतील तुला."

तो वस्तीवर आला तेव्हा लाइट आली होती. शीला एकटीच रानात होती, साडी वर खोचलेली, फावडं हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"काय म्हणले?"

"पानी बघ म्हणले."

"मग बघा की. वरचा दंड फुटलाय, सगळं पानी रामदासभाऊंच्या रानात चाललंय."

त्यानं चप्पल बांधावर काढली, तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि पळत वर गेला. रामदास आधीच तिथं होता. पलीकडच्या बाजूनं हातानं चिखल ओढून पाटाच्या कडेला पडलेल्या भगदाडावर टाकत होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. हौशीरामनं फावडं घातलं. माती पडायची, पाणी ती घेऊन जायचं, परत पडायची. बराच वेळ तसंच चाललं. मग दंडाची माती धरली आणि पाणी पुन्हा खाली वळलं.